क्युकेनहॉफ पाहताना

शिरूर-दौंडकडील आपल्यापैकी कोणी हॉलंडला गेले, तर अ‍ॅमस्टरडॅमला उतरून जवळच्या लिस गावची क्युकेनहॉफ बाग जरूर पाहावी. १९५० मध्ये लोकांना खुली झालेली ही ३२ हेक्टरची बाग वसंतात सुमारे आठ आठवडेच उघडी असते. दर हंगामाला सुमारे ७० लाख कंद, तेही हाताने लावलेले! पण माझ्या मते कुंपणाबाहेरची शेते अधिक शिकवतात. तेथे ट्युलिप उमलले, की फूल खुडून टाकतात. अन्न कंदात उतरावे म्हणून. विकायचा असतो तो कंद. मोहाने पिशवीत कंद मात्र आणू नका. आयात परवाना व पीक आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ते आणता येत नाहीत. शिवाय फुलण्याआधी त्यांना १२ ते १४ आठवडे थंडी लागते. भीमा-घोडच्या काठी ती कोठून मिळणार? आपला निशिगंध येथल्या उन्हातच पोसतो.