उठले नसते तर?



 कार्यक्रमपत्रिकेत माझ्या अध्यक्षीय भाषणाचा विषय ‘पर्यायी इतिहासाच्या मराठी कथेचा आढावा’ असं छापलंय. माझ्यापुरता तो एका कथेत आटोपतो: जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. विश्वासरावांना लागायची गोळी हुकते, मराठे जिंकतात आणि गंगाधरपंत भलत्याच मुंबईत उतरतात. तेव्हापासून आपण तेच पानिपत पुन्हा पुन्हा जिंकतोय. मला वीट आलाय.

त्यापेक्षा इथून क्रांती चौकात जा. जुनी माणसं त्या जागेला काळा चबुतरा म्हणतात. जून १८५७ मध्ये इथल्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, छावणीतलं हैदराबाद कंटिंजंटचं पहिलं घोडदळ बिथरलं. आपल्याला दिल्लीच्या बादशहावर धाडणार, ही त्यांची धास्ती. जनरल वुडबर्न पुण्याकडून फौज घेऊन आला. दफेदार मीर फिदा अलीनं आपल्याच कॅप्टन अ‍ॅबटवर गोळी झाडली. अ‍ॅबट वाचला, फिदा अली फासावर गेला. काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. तो चबुतरा ही त्यांचीच आठवण. नारळीकरांची हुकलेली गोळी कल्पनेतली होती. आमची खरी आहे.

तिच्यावर मी कथा लिहिली होती. संपादकांनी साभार परत केली. ‘मूळ इतिहासच कुणाला ठाऊक नाही, पर्यायी कसा कळणार?’ वीस वर्षं हे पोटात आहे. राग आला, पण मग वर्गात पडताळून पाहिलं. ‘पानिपत जिंकलो असतो तर?’ म्हटल्यावर सगळे हात वर. ‘फिदा अलीची गोळी लागली असती तर?’ सामसूम. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, ‘सर, तो कोण?’ हा पोरगा रोज क्रांती चौकात बसमधून उतरायचा!

सकाळच्या परिसंवादात कुणी म्हणालं, पर्यायी इतिहास म्हणजे हरलेल्यांची मनोराज्यं. ‘जिंकले असते तर’ एवढंच विचारलं, तर तसं होणारच. अमेरिकेत रॉबर्ट सोबेलनं १९७३ साली साराटोगाची लढाई इंग्रजांना जिंकून देऊन अख्खं पाठ्यपुस्तक रचलं. आपलीच जिंकलेली लढाई कागदावर हरायला छाती लागते.

म्हणून मी उलटं विचारतो, इथले हे स्वार उठलेच नसते तर? वुडबर्नला खरं तर महूला जायचं होतं. तो इथं वळला आणि इथंच रेंगाळला. खुद्द इंग्रज इतिहासकार मॅलेसननं त्याला त्याबद्दल बोल लावलाय. तोवर १ जुलैला महूच्या छावणीत उठाव झाला. इथून निसटलेला जमादार चिदा खान हैदराबादेत पकडला गेला. त्याला सोडवण्यासाठी १७ जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी तिथल्या इंग्रजांच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. फसलेला म्हणून आपण ज्याच्याकडे पाठ फिरवली, त्या उठावाचं एक टोक महूला आणि दुसरं हैदराबादला. तो काढून घ्या आणि काय उरतं ते लिहा. याला मनोराज्य कोण म्हणेल?

या विषयावर एक कथासंग्रह काढायचं संयोजकांशी बोलणं झालंय. छापणार कोण, पैसे कुठून, ते पुढे पाहू. तुम्ही कथा पाठवा. पानिपतावरची नको.