शँपेन, फेणी आणि झरीचा मोह



आज जगातल्या वाइनबद्दल बोलायचं आहे, आणि ते बोलताना मी तुम्हाला यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीच्या जंगलात नेणार आहे. आपल्या जिल्ह्याची ओळख कापसाची. द्राक्षाची वाइन हे नाशिककडचं काम. पण वाइनच्या अभ्यासातून जे कळतं, त्याचा उपयोग यवतमाळला फार आहे, असं मला मनापासून वाटतं.

जगातली वाइन शिकायला बसलं की आधी नकाशा उघडावा लागतो. शँपेन हे फ्रान्सच्या एका प्रांताचं नाव. कोन्याक हे गाव. पोर्ट वाइनला पोर्तुगालच्या पोर्तू बंदराचं नाव, आणि तिची द्राक्षं ज्या डोरू नदीच्या खोऱ्यात पिकतात, त्याची हद्द 1756 सालीच आखलेली. ही नावं सुखासुखी टिकली नाहीत. शँपेन प्रांतातले व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षं आणत आणि बाटलीवर नाव शँपेनचंच लावत. 1911 मध्ये तिथले बागायतदार चिडून उठले, व्यापाऱ्यांची तळघरं फोडली, पिंपंच्या पिंपं रस्त्यावर ओतली. पुढे 1935 साली फ्रान्सने देशभरासाठी कायदा केला. कुठल्या शिवारातली द्राक्षं, कुठल्या जातीची, वाइन कशी केलेली, हे सारं जुळलं तरच ते नाव लावायचं. भेसळ झाली म्हणून त्यांनी वाइन बंद केली नाही, शिवाराचं नाव राखलं.

आता आपला मोह. फाल्गुन-चैत्रात झाडाची पानं गळतात आणि फुलं धरतात. फूल टपोरं, रसाळ, फिकट पिवळं. रात्री उमलतं आणि पहाटे टपटप खाली येतं. गोंड, कोलाम, परधान घरांतल्या बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. उशीर झाला तर अस्वल, हरणं आणि गावची गुरं आधी पोचतात. बऱ्याच गावांत कुठलं झाड कोणी वेचायचं हेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. वेचलेलं फूल अंगणात वाळत घालतात. उन्हात त्याचा रंग तांबूस तपकिरी होतो. वाळत असताना अवकाळी पाऊस आला तर फूल काळं पडतं आणि भाव उतरतो. वाळलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते, म्हणून ते भाकरीत जातं, उकडून खाल्लं जातं, टंचाईच्या दिवसांत पोट भरतं. फुलांनंतर टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल आहेच.

दारू हा त्या झाडाचा एकच भाग, पण सगळ्यात बदनाम. फुलं पाण्यात भिजवून काही दिवस ठेवली की सडवा तयार होतो. म्हणजे फुलातल्या साखरेचं मद्य झालं. द्राक्षाच्या रसाचं पिंपात होतं तेही हेच. मग सडवा चुलीवर चढवून त्याची वाफ थंड करायची. कोन्याकच्या परिसरातली व्हाइट वाइन अशीच गाळून पिंपात मुरवली की कोन्याक होतं. तेव्हा मोहाची दारू ही वाइनच्या नव्हे, कोन्याकच्या घरातली. आयुर्वेदाने तर द्राक्षासव आणि मधूकासव दोन्ही ठेवली. मोहाचं मधूकासव चरकसंहितेत आहे. गोंड घरांत पहिले थेंब देवाला आणि पूर्वजांना वाहिले जातात.

इंग्रज सरकारला मात्र यात महसूल दिसला. मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला. 1892 मध्ये ठाणे-कुलाब्यात मोहाचं फूल बाळगण्यावरच बंधनं आली. स्वातंत्र्यानंतर 1949 च्या दारूबंदी कायद्यातही हे फूल अडकलेलं राहिलं. घरी दारू गाळणं गुन्हा ठरलं आणि ती जागा गूळ-नवसागराच्या हातभट्टीने घेतली. त्यात मोह नावालाच असतो, कधी तोही नसतो. या दारूने घरं धुऊन नेली. शेजारच्या चंद्रपुरात बायकांच्या रेट्याने 2015 मध्ये दारूबंदी झाली, 2021 मध्ये ती उठली. दारूबंदीसाठी यवतमाळच्या बायकाही रस्त्यावर उतरल्या. त्यांचा राग शंभर टक्के खरा आहे, आणि त्याला वळसा घालून मोहाचं कौतुक करणं मला मान्य नाही. पण मोह आणि नवसागर यांना एकाच पोत्यात भरणं हाही अन्यायच.

गोव्याने वेगळी वाट धरली. काजूच्या बोंडाची फेणी, गावठी भट्टीत गाळलेली. तिला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचं पेय म्हणून मान्यता दिली. मोहाच्या दारूला तसाच दर्जा द्यायचा निर्णय मध्य प्रदेशाने 2021 मध्ये जाहीर केला.

यवतमाळने असं काही करायचं ठरवलं, तर सुरुवात दारूपासून करू नये, फुलापासून करावी. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्या समाजांचा हक्क मान्य केला आहे, आणि मोहफूल त्यात येतं. कुठल्या पाड्याचं फूल गोड, कुठल्या उतारावरचं लवकर वाळतं, कोणतं झाड वर्षाआड भरतं, हे वेचणाऱ्या बायांना तोंडपाठ आहे. फ्रान्सने आपल्या शिवारांबद्दलची अशीच माहिती कायद्यात लिहून ठेवली. आपल्या ग्रामसभांनी येत्या चैत्राच्या आत ती वहीत उतरवावी, आणि लाडू असो, मोरावळ्यासारखा पाक असो की उद्या परवान्याने गाळलेलं मद्य असो, त्यावर आधी गावाचं नाव यावं आणि मग व्यापाऱ्याचं.