नवजात बाळाचा मेंदू आणि आपला कल्याण निधी
(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कल्याण निधीतून महाराष्ट्रातल्या एखाद्या इस्पितळाला नवजात बाळांसाठी कूलिंग मशीन द्यावं, अशी सूचना काही सभासदांनी केली आहे. त्यामागची भावना मोलाची आहे. निर्णयापूर्वी थोडी माहिती आपल्यापुढे ठेवतो.

जन्माच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडला की मेंदूला इजा होते. पण सगळी इजा त्याच क्षणी होत नाही. बाळ सावरल्यासारखं वाटतं आणि काही तासांनी मेंदूच्या पेशी पुन्हा मरू लागतात. म्हणून जन्मापासून सहा तासांच्या आत बाळाचं तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवतात, ७२ तास तिथेच ठेवतात आणि मग हळूहळू वाढवतात.

आपल्याकडे बाळाला शेकशेगडी, कुंची, दुपटं. त्यामुळे एनआयसीयूमध्ये हाताला गार लागणारं नातवंड पाहून आजीचा जीव कासावीस होतो. डॉक्टरांना जरूर विचारा. पण तो हलगर्जीपणा नव्हे, उपचार आहे. इतर बाळांना मात्र ऊबच हवी. घरी असला प्रयोग कधीही करू नये.

ब्रिटनमधून चालवलेल्या ‘टोबी’ चाचणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यात ३२५ बाळं होती. मज्जासंस्थेत दोष न राहता वाचलेली बाळं नेहमीच्या उपचारांत २८ टक्के, तर थंड ठेवलेल्यांत ४४ टक्के होती. आज इथल्या रुग्णालयांत हा उपचार रूढ आहे.

मग तिकडे यंत्र का पाठवू नये? लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधले डॉ. सुधीन थय्यिल यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर ‘हेलिक्स’ चाचणी झाली. २०२१ साली निकाल आला: मृत्यू किंवा अपंगत्व मिळून काहीच घट नाही, उलट नेहमीच्या उपचारांत ३१ टक्के बाळं दगावली, तर थंड ठेवलेल्यांत ४२ टक्के. तिथल्या अनेक बाळांची इजा प्रसूतीच्या आधी किंवा लांबलेल्या कळांतच सुरू झालेली असावी. मग ते मधले तास हाती उरत नाहीत. अशा देशांत मोठ्या रुग्णालयातही हा उपचार देऊ नये, असं संशोधकांनी स्पष्ट सांगितलं.

‘उपयोग नाही’ हे सिद्ध करणारं संशोधनही जीव वाचवतं, मंडळी.

म्हणून माझी विनंती अशी. यंत्र निवडण्याआधी तिथल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना विचारूया, काय कमी पडतं? न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात बॅग-मास्कने श्वास देणारे शिकलेले हात, ही फार मोठी गोष्ट आहे. प्रशिक्षणाचा खर्च फोटोत दिसत नाही, पण आपलं दान सत्पात्री पडेल.

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. गरोदर लेक किंवा सून म्हणाली, “बाळ आज कमी हलतंय,” तर “झोपलं असेल, सकाळी बघू” असं म्हणू नका. मध्यरात्र असली तरी मॅटर्निटी युनिटला लगेच फोन करायला लावा. तपासून सगळं ठीक निघालं, तर हसत घरी या. तो फोन करायला लावणारं वडीलधारं माणूस घरात असणं हीच मोठी मदत आहे.