साथीला कोण होतं?



आपल्याकडची मुलं शिकायला पुण्या-मुंबईला जातात आणि सुट्टीत तपोवन एक्स्प्रेसनं परतूरला उतरतात, तेव्हा मोबाइलमध्ये दोन-चार नवे बँड घेऊन येतात. बँड जितका कमी लोकांना माहीत, तितकी त्याचं नाव सांगणाऱ्याची मान ताठ. मला या मुलांचं कौतुक वाटतं. समोर येईल ते ऐकण्यापेक्षा शोधून ऐकणं केव्हाही चांगलं.

अशा शोधणाऱ्यांमुळेच मुंबईचा ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ हा बँड पुन्हा उजेडात आला. १९७० च्या दशकात रॉक वाजवणारी ही मंडळी. त्यांची एकच तबकडी निघाली. पुढं बँड मोडला, लोक विसरले. २०११ साली अमेरिकेतल्या एका कंपनीनं त्यांचं संगीत पुन्हा प्रकाशित केलं आणि जगभरचे शौकीन ते ऐकायला लागले. तबकडी शिल्लक होती म्हणून हे जमलं. ज्यांची तबकडी कधी निघालीच नाही, त्यांना कुणी शोधायचं?

माझ्या आवडीचे बँड असे आहेत. त्यांना शोधायला लांब जावं लागत नाही, ते आपल्या दारात येऊन वाजवून जातात. गोंधळ पार्टी, गायन पार्टी, बेंजो पार्टी आणि ब्रास बँड. परतूर, आष्टी, मंठा, सेलू या पट्ट्यात यांचं वाजवणं न ऐकलेला माणूस सापडणार नाही. आणि त्यात कोण वाजवत होतं हे सांगू शकेल असाही माणूस सहसा सापडत नाही.

गोंधळापासून सुरुवात करतो. लग्नानंतर घरात गोंधळ घातला जातो तेव्हा आपण चौक, घट, दिवटी यांकडं धार्मिक विधी म्हणून बघतो. एकदा फक्त कान देऊन बघा. चार-पाच माणसांत सगळी व्यवस्था बसवलेली असते. संबळ म्हणजे एकत्र बांधलेली दोन चर्मवाद्यं, एक उंच स्वराचं, एक खोल. कमरेला बांधून ती काड्यांनी वाजवतात. तुणतुण्याला एकच तार, पण ती रात्रभर एका स्वराला धरून ठेवते. गाणाऱ्याचा सूर कुठं घसरला तर ती तार चुगली करते. झांज लय मोजते. नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, आख्यान लावतो आणि त्याचा साथीदार मध्येच खुळचट प्रश्न विचारून त्याला अडवतो. त्या अडवण्यातच कथा पुढं सरकते. प्रश्न अर्धा क्षण उशिरा आला तर हशा पडत नाही आणि लवकर आला तर ओळ तुटते. ही जोडी जमायला बरीच वर्षं जातात.

गोंधळ्यांजवळ करपल्लवी नावाची विद्या आहे. बैठकीतल्या एखाद्यानं साथीदाराच्या कानात नाव सांगायचं. त्यानं हाताच्या आणि बोटांच्या खुणा करायच्या आणि लांब उभ्या असलेल्या दुसऱ्या गोंधळ्यानं ते नाव मोठ्यानं ओळखून दाखवायचं. आपण टाळ्या वाजवतो आणि जादू म्हणून सोडून देतो. त्यामागं अक्षरांची पुरी लिपी आहे. लोकसाहित्याचे अभ्यासक डॉ. प्रभाकर मांडे यांनी अशा सांकेतिक आणि गुप्त भाषांवर सविस्तर लिहून ठेवलं आहे. मराठवाड्याच्या गोंधळाला मोठं नाव मिळवून दिलं ते परभणीच्या राजारामबापू कदमांनी. आपला परतूर तालुका १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता, त्यामुळं ते नाव आपलंच. पण अशा मोठ्या नावाच्या मागं तुणतुणं धरून कोण उभं होतं, हे विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही.

आता गायन पार्टी. चौदा एप्रिलला सुरू झालेली बाबासाहेबांची जयंती खेड्यापाड्यांत मे महिना संपेपर्यंत चालते. त्याचं एक कारण या पार्ट्याच असतात. एकाच रात्री एक पार्टी किती गावांना पुरणार? म्हणून गावं तारखा वाटून घेतात. निळ्या झेंड्याखाली मंच, नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली. पेटी, ढोलकी, तबला, खंजिरी, बेंजो आणि मागं कोरस. पुष्कळदा दोन पार्ट्यांचा सामना लावतात. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं उभ्या उभ्या जवाब द्यायचा. हा बाज कव्वालीचा. निजामी राजवटीत कव्वाली रुजलेल्या या मुलखात तो परका वाटला नाही. विषय मात्र बुद्धाचा, बाबासाहेबांचा, शिक्षणाचा आणि हक्काचा. सत्यशोधक जलसे, मग नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे आणि त्यानंतर या गायन पार्ट्या, अशी ही परंपरा आहे.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला २७ जुलै १९७८ रोजी आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली साडेपंधरा वर्षं मराठवाड्यानं कशी काढली ते तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. त्या काळात वर्तमानपत्र न पोचणाऱ्या वस्तीत गायन पार्ट्यांची ही गाणी पोचत होती.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक याच परंपरेतले. जन्म १९२२चा, मृत्यू २००४चा. गावोगाव राहून, गाणी बांधून, पोरांकडून बसवून घेत ते फिरले. त्यांच्या अनेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव येतं. अभंगात संत आपली नाममुद्रा ठेवतात, शाहीर कवनात ठेवतो, तीच रीत. कवीनं अशी आपल्या नावाची सोय केली. पुढं कॅसेटचा जमाना आला आणि वेष्टनावर गायकाचा फोटो छापून आला, त्याचीही सोय झाली. ढोलकीवाल्यानं आपलं नाव कुठं ठेवायचं? त्याच्या ठेक्याला शेवटचं कडवं नसतं.

विठ्ठल उमपांचं उदाहरण घ्या. ‘जांभूळ आख्यान’ म्हटलं की त्यांचा आवाज आठवतो आणि तो आठवायलाच हवा. २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळून ते गेले. एवढा मोठा कलावंत. तरीही ते आख्यान एकट्या गळ्यावर उभं राहत नाही. मागचा कोरस ओळ उचलतो तेवढ्यात मुख्य गायक श्वास घेतो. ती उचल हुकली तर कितीही मोठा गायक उघडा पडतो.

तिसरा माझा आवडता प्रकार बेंजोचा. आपला बेंजो हे अमेरिकेतलं वाद्य नव्हे. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचं एक वाद्य बनवलं. ताणलेल्या तारा आणि त्यांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा. ते हिंदुस्थानात आलं, बुलबुलतरंग झालं आणि पुढं आपल्या वादकांनी त्याला पिकअप बसवून भोंग्याला जोडलं. आज गणपतीच्या मिरवणुकीत किंवा हळदीच्या रात्री ते एवढं कडक वाजतं की मूळ जपानी वाद्याच्या घरच्यांनी ओळखू नये. डाव्या हातानं कळा, उजव्या हातानं तारेवर छेड आणि खालून ढोल-ताशा. गाणं कालच्या सिनेमातलं असो की पन्नास वर्षांपूर्वीचं, वादक ते ऐकून बसवतो. कागदावरची सरगम त्याच्यासमोर नसते.

ब्रास बँडचा इतिहासही असाच परदेशी लग्नगाठीचा. पलटणींबरोबर बँड आले, संस्थानिकांनी ते ठेवले आणि तिथून ते वरातीत उतरले. न्यूझीलंडमध्ये शिकवणारे संगीत-अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी आपल्याकडच्या लग्नाच्या बँडवाल्यांत राहून, त्यांच्याशी बोलून २००५ साली ‘ब्रास बाजा’ नावाचं पुस्तक प्रसिद्ध केलं. आपण ज्यांच्याकडं वरात पुढं सरकवा म्हणून खेकसतो, त्यांच्यावर एका परदेशी विद्वानानं ग्रंथ लिहिला. बँडमध्ये मास्तर क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेटवर गाण्याची ओळ घेतो, बाकीचे ती उत्तरादाखल परत वाजवतात, खालून युफोनियमचा भरदार स्वर आणि बाजूला साइड ड्रम. चालत चालत, धूळ खात, डोक्यावर ऊन किंवा शेजारी दिव्यांची माळ घेऊन हे चालू असतं. बसून वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांना हे जमेल?

ब्रास बँडला नाव मिळूच शकत नाही, असं मात्र नाही. पुण्यात प्रभात बँड १९३८ पासून आहे, दरबार बँड आहे. गणेश विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर लोक या बँडांची वाट बघतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्यांची नावं येतात. तीच वाद्यं, तोच धंदा. फरक एवढाच की तिथल्या लोकांनी बँडला नावानं ओळखायचं ठरवलं. आपण मात्र ‘बँडवाले आले का?’ एवढंच विचारतो.

यामागं जात आहे, हे आकाशवाणीवरून बोलतानाही सांगितलं पाहिजे. सनई, हलगी, बँड ही कामं ज्यांच्या वाट्याला आली ते बहुतेक मातंग, मुसलमान आणि इतर कष्टकरी समाजांतले. मांडवात पहिला सूर त्यांचा आणि पंगत शेवटची. म्हणून एखाद्या हलगीवाल्याचा मुलगा म्हणाला की मी हे वाजवणार नाही, शिकून नोकरी करीन, तर कला बुडाली म्हणून हळहळण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्याच्या बापाला आपण वेठीचा माणूस समजून वागवलं, कलावंत समजून नाही. त्यानं वाजवावं असं वाटत असेल तर आधी मान आणि पुरेशी बिदागी, मग अपेक्षा. लग्नसराई संपली की चातुर्मासात लग्नांची सुपारी बंद होते आणि हीच माणसं दुसऱ्याच्या शेतात किंवा बांधकामावर रोजानं जातात. त्यात आता डीजे आला. दोन माणसं आणि एक गाडी, काम झालं. बँडमधल्या दहा-बारा घरांचा हिशेब त्यात बसत नाही.

आकाशवाणीचाही एक जुना दोष आहे. गायन पार्टीचा जीव असलेल्या पेटीला १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीवर मज्जाव होता. भारतीय संगीताला हे वाद्य मानवत नाही, असं त्या वेळच्या जाणत्यांचं म्हणणं. आज ते कुणी मानत नाही. पण आकाशवाणीनं एक फार चांगली सवयही लावली. कार्यक्रम संपला की निवेदक सांगतो, तबल्यावर साथ अमुक यांची, पेटीवर साथ तमुक यांची. शास्त्रीय गायन असो की लोकगीत, साथीदाराचं नाव घेतल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही. लहानपणापासून ते ऐकून कितीतरी वादकांची नावं आपल्या तोंडात बसली. ज्यांचा चेहरा कधी पाहिला नाही, असे तबलजी आपल्याला नावानं माहीत झाले ते या एका ओळीमुळं.

हीच ओळ आपल्या मांडवात आणि जयंतीच्या मंचावर आली पाहिजे, एवढंच मला आज सांगायचं आहे. आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. हलगीचं, बेंजोचं चित्रीकरण लोक करतात, इंटरनेटवर टाकतात आणि वर लिहितात, ‘जबरदस्त वाजवलं.’ कुणी वाजवलं? कोणत्या गावच्या पार्टीनं? तारीख कोणती? यातलं काही नसतं. उद्या तुमच्या नातवाला हे वाजवणं आवडलं आणि त्यानं शोध घ्यायचा म्हटलं तर त्याच्या हाताला काय लागणार? चित्रीकरण टाकण्याआधी वादकांना विचारा, त्यांची परवानगी घ्या, आणि खाली पार्टीचं नाव, गाव, प्रत्येक वादकाचं नाव आणि वाद्य लिहा. दोन मिनिटांचं काम आहे. मी इथून चार नावं घेतली असती तर उरलेल्या चाळीसांवर अन्याय झाला असता. म्हणून नावं विचारण्याचं काम तुमच्यावर सोपवतो.

शाळांनाही हे करता येईल. आपापल्या गावातल्या पार्ट्या, त्यातली माणसं, कोण कुणाकडून शिकलं, एवढं पाचवी-सहावीची मुलं वहीत सहज उतरवतील. परतूरजवळच्या जांबसमर्थला समर्थ रामदास जन्मले हे प्रत्येक मुलाला माहीत असतं, असायलाच हवं. आपल्या गल्लीतला संबळवाला कुणाच्या हाताखाली शिकला, हेही त्याला माहीत असायला काय हरकत आहे?

जयंतीच्या मंचावर तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. गाणं रंगात आलेलं असतं, कुणीतरी उठून एक्कावन्न रुपयांचं बक्षीस देतो आणि गायक गाणं थांबवून त्या दात्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि गावसुद्धा माइकवरून सांगतो. लग्नातही अहेराची नावं अशीच पुकारली जातात. माइक तोच आहे आणि वेळही आहे. येत्या सराईत तुमच्या घरी कार्य असेल तर पार्टीला सुपारी देतानाच मास्तरांकडून सगळ्यांची नावं लिहून घ्या आणि अक्षता पडल्यावर ती पुकारा. जयंती कमिटीनं हेच करावं, गणेश मंडळानं हेच करावं. सात-आठ नावं वाचायला अर्धं मिनिट पुरतं.