मथळा वाचला, पण पुढे काय झालं?

गटाचे हप्ते आणि व्याज आज बाजूला ठेवू. 'मास्टरमाइंडच्या मुसक्या आवळल्या', 'दहशतवादी जेरबंद' असं पेपरात मोठ्या अक्षरांत येतं ना, आज त्याबद्दल बोलायचंय.

आपल्या मालेगावचंच घ्या. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, त्यात शब-ए-बारात. बडा कब्रस्तान आणि मुशावरत चौकात स्फोट झाले. तीसहून जास्त माणसं गेली. यंत्रमागावर पोट भरणारं ते गाव, घराघरांत रडारड. पोलिसांवर दबाव होताच. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, म्हणजे एटीएसने, नऊ मुसलमान पुरुषांना आरोपी केलं आणि मोक्का लावला. पेपरांनी त्याच दिवशी निकाल लावून टाकला.

मोक्का साधा कायदा नाही. एरवी पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही. मोक्क्यात मात्र एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. आरोपपत्रासाठी नव्वद दिवसांऐवजी एकशे ऐंशी दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. तोवर घरचा कमावता माणूस आत. बाहेर बायकोने वकील बघायचा, पोरांची फी भरायची आणि शेजाऱ्यांची नजरही सोसायची.

पुढे तपास सीबीआयकडे आणि २०११ मध्ये एनआयएकडे गेला. एनआयएने वेगळ्याच लोकांवर आरोपपत्र ठेवलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या विशेष कोर्टाने आधीच्या आरोपींना आरोपमुक्त केलं. त्यांतला एक जण तर स्फोटाच्या दिवशी पोलिसांच्याच कोठडीत होता! आणि एक जण हा निकाल ऐकायला जिवंतच नव्हता. दहा वर्षं गेली. ही बातमी तुमच्यापैकी किती जणींनी वाचली? अटकेची मात्र सगळ्यांना पाठ असते.

आता दुसरी बाजू. त्याच मालेगावात २९ सप्टेंबर २००८ ला भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला, सहा जण मेले. या वेळी पकडलेले हिंदू होते, म्हणून मथळ्यांनी दहशतवादाला दुसरा रंग दिला. ३१ जुलै २०२५ ला कोर्टाने सातही जणांना निर्दोष सोडलं, कारण नुसत्या संशयावर शिक्षा होत नाही. दोन्ही वेळा शिक्का आधी बसला आणि पुरावा नंतर तपासला गेला. ज्यांची माणसं गेली त्या बायांना काय मिळालं, ते कुठला मथळा सांगतो?

पोलिसांनी काही करूच नये, असं मी म्हणत नाही. बॉम्ब ठेवणारा सापडलाच पाहिजे. पण चुकीचा माणूस आत गेला तर खरा मोकळा फिरतो, एवढा हिशेब तर आपल्याला कळतो.

मध्यंतरी आमच्या एका मीटिंगमध्ये मोबाईलवरची अशीच बातमी कुणीतरी मोठ्याने वाचली. नाव ऐकताच चार-पाच माना गटातल्या भाभीकडे वळल्या. ती बिचारी पासबुक चाळत बसली. पुढच्या आठवड्यात आलीच नाही, हप्ता मुलाबरोबर पाठवला. मग आम्ही तिघी तिच्या घरी गेलो, चहा घेतला आणि तिला सोबत घेऊनच आलो. तेव्हापासून गटात नियम आहे: बातमी वाचायची तर 'ताब्यात घेतलं', 'अटक', 'आरोपपत्र', 'दोषी' यांतला नेमका कुठला शब्द लिहिलाय, तो आधी सांगायचा. ताब्यात घेतलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, असं नाही.

आणि उद्या तुमच्या गल्लीतून कुणाला नेलं, मग तो कुठल्याही जातीधर्माचा असो, तर का नेलं आणि कुठे नेलं हे विचारायचा घरच्यांना हक्क आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला न्यायाधीशापुढे उभं करावंच लागतं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी सहसा अटक करता येत नाही. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. कोठडीतल्या माणसाला आणि कुठल्याही बाईला तिथे वकील फुकट मिळतो. फोन नंबर १५१००. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.