लेकरांना बोलू द्या

(वसतिगृहाच्या वार्षिक उपकारस्तुती सभेत केलेले भाषण)



जानेवारी २०२० मध्ये आपल्या शहरात ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. आपल्याला किती आनंद झाला होता! आज मी दुसऱ्या एका लेखकाविषयी बोलणार आहे. त्यांचे नाव लक्ष्मण गायकवाड आणि त्यांचे पुस्तक 'उचल्या'.

गायकवाड लातूर तालुक्यातल्या धनेगावचे. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, तोवर तो सगळा भाग आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. म्हणजे हे लेकरू आपल्याच मातीतले. त्यांचा जन्म उचल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजात झाला. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. निजामाच्या मुलखातही पोलिसांकडे नोंद आणि हजेरी होतीच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला, म्हणून या जमातींना आपण विमुक्त म्हणतो. कायदा गेला, पण गावात चोरी झाली की पोलीस आधी याच वस्तीवर येत.

त्या घरातले बालपण गायकवाडांनी काहीही न झाकता लिहिले आहे. पोटात अन्न नाही. मोठी माणसे चोरीच्या गुन्ह्यात पकडली जातात. पोलिसांनी मारले तरी तोंड उघडू नये, म्हणून मार सोसायची सवय घरातच लावली जाते. अशा घरातून वडील मार्तंड यांनी या पोराला शाळेत घातले. त्याच सुमारास वस्तीत लेकरांना हगवण-उलटी लागली, तेव्हा लोक म्हणू लागले की पोर शाळेत जाते म्हणूनच हा कोप झाला. आपल्यात कधी कोणी शाळेत गेले आहे का, असे म्हणून वडिलांवर दडपण आणले गेले. बंधूंनो, आपण देणग्या देतो, वह्या वाटतो, ते चांगलेच आहे. पण स्वतःच्या जातभाईंसमोर उभे राहून पोराच्या हातातली पाटी सुटू न देणाऱ्या त्या अडाणी बापाची देणगी आपल्यापेक्षा मोठी आहे. आज इथे बसलेल्या आयांनीही तेच केले आहे.

पुढे गायकवाड लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागले, कामगारांच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या चळवळीत उतरले. कोणी त्यांना लेखन शिकवले नव्हते. जे भोगले ते त्यांनी आपल्याच बोलीच्या वळणाने कागदावर उतरवले. 'उचल्या' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पुढे त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. ज्या नावाने लोक शिवी देत, तेच नाव त्यांनी पुस्तकाला दिले. पण पुरस्कारानंतर ते वस्ती विसरले नाहीत. १९९८ मध्ये महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांच्याबरोबर त्यांनी विमुक्त जमातींच्या हक्कांसाठी देशपातळीवर काम उभे केले.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. आपल्या वसतिगृहातली बहुतेक लेकरे पारधी समाजाची. पारध्यांवरही तोच शिक्का होता. काही वर्षांपूर्वी पाहुणे आले होते. एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, "हा गुन्हेगार जमातीतला, आता बघा कसा वचने पाठ म्हणतो!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पोराने वचन म्हटले. त्या रात्री तो जेवला नाही आणि दुसऱ्या दिवशी वस्तीवर निघून गेला. मी आणायला गेलो तेव्हा त्याची आई एवढेच म्हणाली, "साहेब, पोलीस बी आमाला असंच वळखतेत."

मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली आहे, पण तो धडा मला कोणत्याही वर्गात मिळाला नव्हता. या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवणाऱ्या ज्या वसाहती सरकारने काढल्या, त्यांतल्या काही साल्व्हेशन आर्मीने, म्हणजे ख्रिस्ती लोकांनीच चालवल्या. हेतू सुधारणेचा होता, हे मी नाकारत नाही. पण आत कोंडलेल्या माणसाला तुझे काय म्हणणे आहे, असे किती जणांनी विचारले असेल?

बार्तीमयाची गोष्ट आठवा. तो आंधळा भिकारी रस्त्याकडेला बसून हाका मारत होता आणि प्रभूच्या मागे चालणारेच त्याला गप्प करत होते. प्रभू मात्र थांबला. त्याला जवळ बोलावून आधी त्यालाच विचारले की तुला काय हवे. त्याला काय हवे ते प्रभूला ठाऊक नव्हते का? तरी त्याने बार्तीमयाला स्वतःच्या तोंडाने सांगू दिले.

तो मुलगा दोन महिन्यांनी परत आला. मी त्याची माफी मागितली. आज तो दहावीत आहे आणि या सभेत मागच्या रांगेत बसला आहे. त्याचे नाव मी घेणार नाही. सांगायचे असेल तेव्हा तोच सांगेल.

म्हणून तुमच्याजवळ तीन विनंत्या आहेत. आपल्या त्रैमासिकातले एक पान यापुढे लेकरांच्या हातचे असावे, त्यांच्याच बोलीत. शुद्धलेखनासाठी ते कोणी अडवू नये. वसतिगृहाच्या कपाटात शुभवर्तमानाशेजारी 'उचल्या'ची प्रत असावी, मोठ्या मुलांनी ती वाचावी. आणि तुम्ही भेटीला याल तेव्हा लेकरांना जात विचारू नका. सध्या काय वाचतोस, असे विचारा आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत जवळ बसा.

प्रभू या लेकरांना आणि त्यांच्या आईबापांना आशीर्वादित करो. आमेन.