वाढत्या अंगाचें चाक

मुलाला सदरा शिवावयाचा म्हणजे शिंप्याला ‘जरा वाढत्या अंगाचा शिवा’ असें बजावण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे, आणि काटकसरीच्या घरांत ती शहाणपणाचीही आहे. सदरा सैल झाला तर बाही दुमडतां येते. परंतु हाच न्याय सायकलीला, आणि त्यांतही ‘ट्रायल्स’ या खेळाच्या सायकलीला लावला म्हणजे घोटाळा होतो. कारण चाक कांहीं दुमडतां येत नाहीं.

ट्रायल्स ही शर्यत नव्हे. खडक, ओंडके, ओटे असे अडथळे, जमिनीला पाय न टेकतां, पायडलांवर उभें राहून ओलांडावयाचे, हें या खेळाचें सार. पाय टेकला कीं दोष धरला जातो. स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतांत पेरे पी या मोटारसायकलस्वारानें आपल्या ओट या मुलासाठीं अशी लहानशी सायकल तयार केली. पुढें हा खेळ युरोपभर पसरला, आणि १९८६ पासून त्याच्या जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धा भरूं लागल्या. २००९ सालीं डॅनी मॅकॅस्किल या स्कॉटिश तरुणानें एडिंबरो शहरांतील कठडे व पायऱ्या सायकलीनें ओलांडल्याचें चित्रण प्रसिद्ध झालें, आणि जगभरच्या मुलांना या विद्येचें वेड लागलें.

असलीं चित्रणें आज हातांतील फोनवर धाराशिव, तुळजापूर, कळंब येथील घरांतूनही पाहिलीं जातात. बालाघाटच्या डोंगराळ मुलखांत सरावाला जागाही शोधावी लागत नाहीं. काळ्या दगडाचे उघडे कातळ आणि ओढ्यांतील गोटे तेथें मुबलक आहेत. (नळदुर्ग वा परांडा येथील किल्ल्यांच्या पायऱ्यांकडे मात्र त्या दृष्टीनें पाहूं नये, तो पूर्वजांचा ठेवा आहे.) तेव्हां बारा वर्षांच्या मुलानें अशा सायकलीचा हट्ट धरला, तर वडील माणसांनीं त्याला उत्तर काय द्यावें? ‘घेऊं, पण २६ इंची चाकाची घेऊं, म्हणजे चार वर्षें पाहावयास नको,’ हें उत्तर बहुतेकांच्या ओठांवर येतें.

त्यांना आधारही मिळतो. मागील पिढीनें वडिलांच्या २८ इंची सायकलीवर, दांडीखालून पाय घालून, ‘कैची’ मारीतच हें वाहन वश केलें नव्हतें काय? केलें होतें खरें. परंतु त्या मुलाला तारीत होती ती गति. सायकल चालत असे तोंवर तोल आपोआप सांभाळला जाई. थांबावयाचें झालें कीं त्याला एखादा दगड, ओटा किंवा भिंत शोधावी लागे. ट्रायल्सचा आरंभच मुळीं सायकल जागच्या जागीं उभी करण्यापासून होतो. म्हणून येथें कैचीचा दाखला लागू पडत नाहीं.

चाकाचा गुणदोष अगदीं साध्या गणितानें कळतो. २६ इंची चाकाचा आंस जमिनीपासून सुमारें १३ इंचांवर असतो, २० इंचीचा १० इंचांवर. सहा इंचांची पायरी समोर आली, तर मोठ्या चाकाच्या आंसाखालीं सात इंचांचें अंतर उरतें, लहानाच्या चारच इंचांचें. म्हणून मोठें चाक अडथळ्यावर सहज चढतें आणि लहान चाक त्याला अडतें. उलट लहान चाक हलकें असतें, त्याला चटकन् गति येते, आणि सायकल आंखूड असल्यानें ती उचलून बाजूला टाकणें सोपें जातें. मोठ्या चाकाचा लाभ घ्यावयाचा तर उंची आणि खांद्यांतील बळ हवें. २४ इंची चाक हें या दोहोंमधलें. शहरांतील कठड्यांवर कसरती करणाऱ्यांस तें विशेष आवडतें, आणि मॅकॅस्किलची सायकलही त्याच मापाची होती.

तेव्हां ज्याची उंची अद्याप पांच फुटांच्या आंत आहे, त्याला पहिली सायकल २० इंचीच असावी. पुरती वाढ झालेल्या तरुणानें आपल्या आवडीप्रमाणें २४ किंवा २६ इंची घेण्यास हरकत नाहीं. परंतु आंकड्याहून परीक्षा अधिक विश्वासाची. मुलाला पायडलांवर उभें करावें. त्याचे गुडघे व कोंपर किंचित् वांकलेले राहिले पाहिजेत. मग पुढचें चाक उचलून सायकल सोडून मागें उतरावयास सांगावें. दोन्ही पाय न अडखळतां जमिनीवर आले, तर माप बरोबर आहे. ज्या सायकलीवरून सुखरूप उतरतां येतें, तिच्यावर चढण्याची भीति राहत नाहीं. आणि ज्याला भीति वाटत नाहीं तोच रोज सरावाला जातो. वाढत्या अंगाची सायकल एकदोन वेळां आपटली म्हणजे बहुधा माळ्यावरच जाते, आणि वांचविलेले पैसे तिच्याबरोबर जातात.

आणखी एक गोष्ट ध्यानांत असावी. स्पर्धेच्या ट्रायल्स सायकलीला बसावयाची जागाच नसते. शाळेला जाण्यायेण्याला तिचा उपयोग नाहीं. घरांत एकच सायकल घेण्याची ऐपत असेल, तर ती अंगाच्या मापाची साधी सायकल असावी. तिच्यावर जागच्या जागीं तोल धरण्याचा सराव खुशाल करावा. उड्या मात्र मारूं नयेत, कारण तिचीं चाकें व सांगाडा तो मार सोसण्यासाठीं घडविलेलीं नसतात. दोन्ही ब्रेक चाक जागीं पकडून ठेवतील असे हवेत, आणि डोक्याला हेल्मेट हवें. दोन-तीन महिन्यांनीं मुलगा मिनिटभर पाय न टेकतां उभा राहूं लागला, आणि त्याची हौसही टिकली, तर घरच्यांनीं त्याची उंची पुन्हां मोजावी आणि मगच दुकानाची वाट धरावी.